प्रश्न आत, उत्तरं बाहेर

बाईंनी उभी नोकरी तिसरीच्या वर्गावर काढली. तिसरीचं मूल मोठं मजेचं असतं. पहिली-दुसरीतलं मूल बाई सांगतील ते खरं मानतं, चौथीतलं बाईंना काय येत नाही ते शोधायला लागतं. तिसरीतलं मात्र नुसतं 'का?' विचारत राहतं. त्या 'का'ची बाईंना इतकी सवय झाली होती की निवृत्त झाल्यावर त्यांना घरात काहीतरी बंद पडल्यासारखं वाटे. मग त्या फ्रिजपाशी जाऊन कान देत. फ्रिज चालू असे.

घर तिसऱ्या मजल्यावरचं, दोन खोल्यांचं. एका खोलीत बाई, दुसरीत त्यांची थोरली बहीण, ताई. दोघींनीही लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारणारी माणसं एकेक करून विचारायची थांबली होती. ताई गेली तेव्हापासून दुसरी खोली बंदच होती. बाई फक्त झाडू मारायला आत जात आणि मारून झाला की दार ओढून घेत.

चिमणी म्हणजे बाईंच्या भावाची मुलगी. चांगली तिशीची, दुसऱ्या शहरात एका दवाखान्याचे संगणक सांभाळणारी, पण घरात चिमणीच. तिने एकदा आत्याच्या फोनवर एका प्रसिद्ध सेवेचं खातं उघडून दिलं. जगभरातली माणसं जिथे दोन-चार ओळी लिहून मोकळी होतात आणि दुसऱ्यांच्या दोन-चार ओळी वाचतात, अशी ती जागा. बाईंनी तिचं नाव ठेवलं मोठा फळा.

मोठ्या फळ्यावर बाई रोज सकाळी चहा झाला की एक प्रश्न लिहीत. थंड पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम का येतो? जिना चढताना दम लागतो, मग उतरताना गुडघे का दुखतात? हळूहळू दोन-तीनशे माणसं जमली. कुणी आई मुलीला विचारून उत्तर लिही, कुणी आजोबा नातवाच्या नावाखाली स्वतःच लिहीत आणि ते लगेच ओळखू येई. बाई प्रत्येकाला गुण देत.

सगळ्यांत पहिलं उत्तर मात्र ठरलेलं. 'शेवटचा बाक' असं नाव घेतलेला कोणीतरी होता. फोटोच्या जागी रिकाम्या बाकाचं चित्र. तो कोण, कुठला, केवढा, काही पत्ता नाही. त्याचं उत्तर हमखास चुकीचं असे.

"पेल्याला घाम येतो, कारण आज त्याची परीक्षा आहे."

बाई खाली लिहीत, "अर्धा गुण."

"बाई, कधीतरी पूर्ण द्या."

"कधीतरी बरोबर उत्तर दे."

एवढंच बोलणं, पण वर्षानुवर्षं. ताई गेली त्या दिवसांत बाईंनी आठवडाभर प्रश्न लिहिला नाही, तेव्हा त्याने एकदाच विचारलं होतं, "बाई, सुट्टी का?" बाईंनी लिहिलं, "हो." त्याने पुढे विचारलं नाही. दुसऱ्या सोमवारी प्रश्न आला तसं त्याचं चुकीचं उत्तर आलं, आणि बाईंना त्या दिवशी पहिल्यांदा जेवण गेलं.

मग मोठ्या फळ्याचा मालक बदलला. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात, तसंच झालं. जो जास्त ओरडेल त्याचं लिहिलेलं सगळ्यांत वर दिसायला लागलं. शहाणी माणसं गप्प झाली, आणि जी गप्प बसली नाहीत ती हळूहळू शहाणी राहिली नाहीत.

एका सकाळी बाईंनी साधा प्रश्न लिहिला : चंद्र दिवसा का दिसतो? कुणा नावाजलेल्या टवाळाने तो उचलला आणि खाली लिहिलं, "आजीबाईंना वाटतं चंद्र फक्त रात्रपाळीला असतो." झालं, त्याची सगळी पिलावळ धावून आली. बाईंच्या वयावर, दातांवर, त्यांच्या शिक्षणावर. कुणी लिहिलं, अशा बायकांमुळेच देशाचं वाटोळं झालं. फोनवरची ती छोटी घंटा दिवसभर वाजत राहिली आणि दर वेळी बाई ती उघडून बघत राहिल्या, कारण वर्गात हात वर केलेल्या पोराकडे न बघणं त्यांना कधी जमलंच नव्हतं.

त्या चिखलात मध्येच एक ओळ होती. शेवटच्या बाकाची. "उत्तर : कारण त्याला झोप येत नाही." तिला अर्धा गुण द्यायचा राहून गेला. नंतर शोधली तर सापडेना.

संध्याकाळी चिमणीचा फोन आला. "आत्या, आधी ती घंटा बंद कर. सगळ्या घंटा. आणि यापुढे त्या चिन्हाला हातही लावू नकोस."

"बरं."

"नुसतं बरं म्हणू नकोस. आता बंद कर, मी धरून आहे फोन."

बाईंनी घंटा बंद केली.

"आणि ती जागाच सोड. आता नव्या जागा झाल्यात तशाच. छोट्या छोट्या. तिथे असा एक मालक नसतो."

"मालक नाही तर चालवतं कोण?"

"कोणीही. बघ, तुझा मोठा फळा कसा बनवलाय ते त्यांनी तिजोरीत ठेवलंय. या नव्या लोकांनी फळा बनवायची कृती उघड लिहून ठेवली आहे. ज्याला वाटेल त्याने वाचावी, चुका काढाव्यात, आपल्या घरी फळा टांगावा. आणि एका फळ्यावर लिहिलेलं दुसऱ्या फळ्यावरून वाचता येतं."

"म्हणजे प्रत्येक गल्लीत शाळा, पण पुस्तक एकच."

"अगं, हे मला आमच्या साहेबांना समजवायला अख्खी दुपार लागली होती."

"साहेब तिसरीच्या पुढे गेलेत ना, म्हणून," बाई म्हणाल्या.

त्यांनी एका चष्मेवाल्याने चालवलेला फळा निवडला. त्याचं यंत्र म्हणे दुकानाच्या पोटमाळ्यावर होतं. नियमांच्या पानावर दोनच वाक्यं होती : ओरडू नये. ओरडल्यास बाहेर. बाईंना माणूस आवडला. खातं उघडताना एकेक प्रश्न विचारला जात होता. त्यातला एक असा होता : तुमचं लिहिलेलं वाचायला कोणी येण्याआधी त्याने तुमची परवानगी घ्यावी का?

बाईंना वाटलं, हे कुणा चांगल्या घरातल्या माणसाने लिहिलेलं दिसतंय. त्यांच्या वर्गात इन्स्पेक्टरसुद्धा "आत येऊ का?" म्हटल्याशिवाय आले नव्हते. त्यांनी "अर्थात" असं मोठ्याने म्हणून खूण केली. जुन्या फळ्यावर नवा पत्ता लिहून ठेवला, पंधरा दिवस तो तसाच राहू दिला आणि मग जुनं खातं पुसून टाकलं.

नव्या फळ्यावर त्यांनी पहिला प्रश्न लिहिला : साबण कोणत्याही रंगाचा असला तरी फेस पांढराच का?

कोणी उत्तर दिलं नाही.

नवी जागा आहे, माणसांना वाट सापडायला वेळ लागतो, असं त्यांनी मनाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुसरा प्रश्न. तिसऱ्या दिवशी तिसरा. आठवडा गेला, महिना गेला. कुणी येईना. फोनच्या तळाशी ती घंटा होती, पण दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. बाईंचा अंगठा तिच्या आसपासही जात नसे.

त्यांनी इतर छोटे फळे बघितले. तिथे माणसं होती, पण बहुतेक जण नवा फळा किती चांगला आहे हेच एकमेकांना सांगत होते. वर्ग सुरू झाला आहे आणि सगळे जण बाकांना रंग कोणता द्यावा यावर बोलत आहेत, असं काहीसं. एकाने लिहिलेल्याखाली बाईंनी धीर करून विचारलं, "इथे 'शेवटचा बाक' नावाचं कोणी आहे का?" एकाने अगदी सविस्तर उत्तर दिलं की हजारो फळे आहेत, सगळ्यांवर मिळून एकदम शोधता येत नाही, आणि येत नाही हेच कसं योग्य आहे. बाईंनी त्याला धन्यवाद दिले.

जुन्या फळ्यावर त्यांनी दुसऱ्याच्या फोनवरून एकदा डोकावून घेतलं. खाली इस्त्रीचं दुकान होतं, तिथल्या इस्त्रीवालीचा फोन. शेवटच्या बाकाचं नाव घातलं तर लिहून आलं : असं खातं नाही.

"कोण होतं?" इस्त्रीवालीने विचारलं.

"विद्यार्थी," बाई म्हणाल्या.

"मोठी झाली की विसरतात हो."

बाईंनी फोन परत दिला. तो विसरला असता तर बरंच होतं. पण विसरणारा माणूस खातं पुसत नाही, ते तसंच टाकून देतो. पुसतो तो जाणारा. कुठे गेला असेल? रागावला असेल? त्या चिखलाच्या दिवशी त्याला गुण मिळाला नव्हता, त्यानंतर बाई निघूनच गेल्या. वर्षानुवर्षं हजेरी लावणाऱ्या पोराला साधं 'येते' म्हणून सांगितलं नाही. नुसता पत्ता लिहून ठेवला, भाडेकरूने लिहावा तसा.

तरी सकाळचा प्रश्न चुकला नाही. न लिहून करायचं काय, हा त्याहून अवघड प्रश्न होता.

त्याच दिवसांत बाईंनी ताईची खोली रिकामी केली. खाट, कपाट, भिंतीवरचा आरसा, सगळं एका वसतिगृहाने नेलं. हमाल गेल्यावर बाई मोकळ्या खोलीत उभ्या राहून सवयीने म्हणाल्या, "झालं बाई एकदाचं." आणि दचकल्या. स्वतःचाच आवाज, पण केवढा मोठा. जणू शाळेच्या सभागृहात बोलल्या.

दुसऱ्या सकाळी त्यांनी लिहिलं : रिकाम्या खोलीत आवाज मोठा का वाटतो?

उत्तर त्यांना माहीत होतं. सामान आणि माणसं आवाज पिऊन टाकतात. ती नसली की आवाज भिंतींवर आपटून परत येतो. फळ्यावर ते कोणीच लिहिलं नाही. बाईंनी दिवसभर वाट पाहून स्वतःही लिहिलं नाही.

चिमणी आली ती पावणेचार महिन्यांनी, रजा काढून. चहा घेता घेता तिने आत्याचा फोन हातात घेतला.

"कसा चाललाय वर्ग?"

"कोणी येत नाही."

"कोणीच?"

"नवी शाळा. होतं असं," बाई म्हणाल्या आणि उगाच कपबशा उचलायला लागल्या.

चिमणीने घंटेवर बोट टेकवलं. मग तिचा चेहरा बदलला. आधी हसू आल्यासारखा, मग अजिबात न आल्यासारखा.

"आत्या, बस इथे."

"काय झालं?"

"हे एवढे लोक बाहेर का उभे केलेस?"

"कुठल्या बाहेर?"

चिमणीने फोन पुढे केला. नावांखाली नावं. प्रत्येकापुढे दोन गोल, एक 'येऊ द्या' आणि एक 'नको'. त्या मुलीची आई होती. नातवाच्या नावाने लिहिणारे आजोबा होते. ज्यांना बाई नावाने ओळखत होत्या ते होते आणि अनोळखीही होते.

"तू दार लावून घेतलंस. इथे परवानगी दिल्याशिवाय तुझ्या पानावरचं कोणाला दिसतच नाही. सगळे विचारून थांबले होते."

"मला ऐकू कसं नाही आलं?"

"घंटा बंद होती ना. मीच करायला लावली होती. आणि नवीन जागेत चालू कर म्हणून सांगायला विसरले."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण बाईंनी शेकडो पोरांकडून वाक्यात वापरून घेतली होती. आता ती त्यांना आठवली आणि नकोशी झाली. त्या यादीच्या तळाशी गेल्या. सर्वांत खाली, म्हणजे सर्वांत आधी, नवा पत्ता लिहिल्याच्या दुसऱ्याच दिवशी आलेलं नाव होतं. रिकाम्या बाकाचं चित्र.

बाईंनी सगळ्यांपुढचं 'येऊ द्या' एकेक करून दाबलं. चिमणी म्हणाली, एकदम सगळ्यांना घेता येतं. बाई म्हणाल्या, नको. मग कळलं की बरेच जण वाट बघून निघून गेले होते. काहींचं खातं ओस पडलं होतं, काहींच्या नावाखाली लिहिलं होतं की हे आता दुसऱ्या फळ्यावर राहतात. आजोबांच्या खात्यावर त्यांच्या मुलाने दोन ओळी लिहून ठेवल्या होत्या. त्या वाचून बाईंनी फोन थोडा वेळ पालथा ठेवला.

शेवटच्या बाकाचं नाव दाबलं तेव्हा पान उघडलं नाही. समोर आलं : हे दार लावलेलं आहे. आत येण्यासाठी विचारा.

चिमणी हसली. "तुझाच विद्यार्थी शोभतो."

बाईंनी 'विचारा' दाबलं. अक्षरं पुसट झाली आणि तिथे 'विचारलं आहे' असं दिसू लागलं.

"आता?"

"आता काही नाही. त्याने उघडलं तर उघडलं. किती महिने झालेत, आत्या. तो इथे येतही नसेल."

चिमणी दुसऱ्या दिवशी गेली. जाताना तिने एकच घंटा चालू करून दिली, दारावरची. बाई फोन समोर ठेवून बसल्या. त्यांना वर्गाचं दार आठवलं. त्या फळ्याकडे तोंड करून लिहीत असायच्या, आणि उशिरा आलेलं एखादं पोर उंबऱ्यावर उभं राहून हळू आवाजात "येऊ का?" म्हणायचं. खडूच्या आवाजात ते ऐकू जायचं नाही. पोर पुन्हा म्हणायचं नाही, कारण एकदा विचारलं होतं. ते नुसतं उभं राहायचं. मग वर्गातलं कुणीतरी सांगायचं, बाई, तो केव्हाचा उभा आहे. तिथे सांगायला वर्ग तरी होता.

स्वयंपाक झाला, भांडी झाली, पलीकडच्या इमारतीची सावली या इमारतीवर चढून गेली. तो दिवस गेला, त्याच्यापुढचाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई दिवा लावायला उठल्या आणि घंटा वाजली. एवढीशी, चमचा पडल्यासारखी.

"या बाई," असं लिहिलं होतं.

बाई आत गेल्या. पान लांबच लांब होतं. त्यावर एकही प्रश्न नव्हता. नुसती उत्तरं होती. बाईंना आधी कळेचना. मग तारखा दिसल्या. तो रोज सकाळी एक उत्तर लिहीत होता. बाहेर उभं राहून, आतला प्रश्न न दिसता.

"आजचं उत्तर : गुडघे."

"आजचं उत्तर : कारण ते आधीच ओलं होतं."

"आजचा प्रश्न अवघड असणार. उत्तर : शेजारीण."

"आज मालाची गाडी उशिरा आली म्हणून उत्तरही उशिरा. दोरी."

आणि त्याने आपलं दार लावून घेतलेलं, त्यामुळे ही उत्तरंही कोणी वाचली नव्हती. बाईंनी विचारलं, "तू दार का लावलंस?"

"तुमचं लावलेलं दिसलं. म्हटलं, इथली रीत असेल."

"रागावला नाहीस?"

"बाई, मी तुमच्या शाळेत नव्हतो. शाळेतच फारसा नव्हतो. बाहेर उभं राहायची सवय आहे."

बाईंनी चष्मा पुसला, खुर्ची दिव्याखाली ओढली आणि त्या तपासायला बसल्या. आपला प्रश्न बघायचा, त्या तारखेचं त्याचं उत्तर बघायचं आणि गुण लिहायचे. साबणाच्या फेसाला 'गुडघे' : शून्य. आरशाच्या प्रश्नाला 'शेजारीण' : पाव गुण. चंद्राच्या दिवसाचा राहिलेला अर्धा गुणही त्यांनी एका उत्तराखाली लिहून टाकला, 'मागील बाकी' असं कंसात म्हणून. तिकडून प्रत्येक गुणाला कुरकुर येत होती. शून्य फार झालं, पाव म्हणजे काय भाजी आहे का.

मग ताईची खाट गेल्यानंतरची सकाळ आली. बाईंचा प्रश्न : रिकाम्या खोलीत आवाज मोठा का वाटतो? त्या तारखेला त्याने लिहिलं होतं :

"आजचं उत्तर : कारण आत कोणी नाही."

बाईंनी ते पुन्हा वाचलं. मग प्रश्न तसाच्या तसा उतरवून त्याच्या उत्तराखाली लिहिला, आणि त्याखाली : "पूर्ण गुण."



"बाई, मी प्रश्न बघितला नव्हता."

"माहीत आहे."

"चुकून लागलं असेल मग."

"असेल. गुण परत घेत नाही."

"उद्या आहे का वर्ग?"

"आहे. आणि दारात थांबू नकोस. सरळ आत ये."

त्यांनी ती खूण शोधून काढली, 'अर्थात' म्हणून केलेली, आणि पुसली. पुसताना अंगठा जरासा अडखळला. ओरडणारी माणसंही त्याच दारातून येतात हे त्यांना ठाऊक होतं. तरी पुसली.

मग त्या उठल्या आणि ताईच्या खोलीचं दार उघडून दिवा लावला. चार भिंती, एक खिडकी, खाटेच्या पायांचे फरशीवर राहिलेले चार डाग. उद्याचा प्रश्न काय विचारावा याचा विचार करत त्या मधोमध उभ्या राहिल्या.

"पूर्ण गुण," त्यांनी म्हणून बघितलं.

आवाज अजून मोठाच येत होता. त्यांनी दिवा मालवला. दार मात्र या वेळी ओढून घेतलं नाही.